वाफा आळशी नव्हता

इंग्रजीत त्याचं नाव 'लेझी बेड'. सरळ मराठीत आळशी वाफा. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो, गॉलवे, डोनेगॉल, केरी या भागांत, बटाटा लावायची जी जुनी पद्धत होती तिला हे नाव चिकटलं, आणि ज्यांनी जन्मात असा वाफा घातला नाही त्यांनीच ते चिकटवलं. आपल्याकडच्या गादीवाफ्याचा हा लांबचा भाऊ. त्यात आळसाला जागा नेमकी कुठे होती, ते मला अजून सापडलेलं नाही.

काम असं चालायचं. शेत नांगरायचं नाही. गवताळ जमिनीवर तीन-चार फूट रुंदीचा पट्टा आखायचा आणि त्या गवतावरच शेण किंवा समुद्रशेवाळ पसरायचं. त्यावर बेणं मांडायचं, म्हणजे डोळे राखून कापलेल्या बटाट्याच्या फोडी. मग पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी सरी खणायची. सरीतला गवतासकट मातीचा थर कापून पुस्तकाचं पान उलटावं तसा पट्ट्यावर पालथा घालायचा. गवतावर गवत येतं, मधे खत आणि बेणं दडपलं जातं. नंतर सरीतलीच सुटी माती वर ओढायची आणि कोंब वर आले की पुन्हा एकदा भर लावायची. पट्ट्याखालची जमीन खणली जात नाही, एवढ्यावरून म्हणे हा आळस.

हे सगळं 'लॉय' नावाच्या अवजाराने करायचं. लांब दांडा, अरुंद पातं, आणि पाय टेकवायला एकाच बाजूला जागा. कोणत्या भागात कोणती माती, उतार किती, दगड किती, त्यावरून पात्याची रुंदी आणि वाक बदलायचा. फावडी घडवणाऱ्या कारखान्यांना एकेका परगण्यासाठी निराळे नमुने ठेवावे लागत. पाय टेकवायची ती जागा डावीकडे की उजवीकडे, हेही मुलखावर ठरे. उत्तर आयर्लंडमध्ये एखादा माणूस दुसऱ्या धर्मपंथाचा आहे हे सांगायला 'तो दुसऱ्या पायाने खणतो' असं म्हणतात. फावड्याने भाषेत इतकी खोल जागा केली, तर ते हातात धरणारी माणसं किती तास वाकून उभी असतील याचा अंदाज करावा.

आता या पद्धतीमागचं शहाणपण बघा. पश्चिम किनाऱ्यावर वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस पाऊस पडतो. आपल्यासारखा चार महिने धो धो आणि मग कोरडा, असा नव्हे. बारमाही, बारीक, अंगाला चिकटणारा. जमीन सतत ओली आणि गार. वाफा उंच उचलला की पाणी सरीत उतरतं, माती लवकर तापते. पावसाने वरच्या थरातलं लोह धुऊन खाली जातं आणि काही ठिकाणी तिथे त्याचा कडक थर धरतो, पाणी जिरत नाही. खोल सरी खणताना तो थर फुटतो आणि खाली गेलेली खनिजंही वर येतात. पालथं घातलेलं गवत कुजून खत होतं. समुद्रशेवाळात पालाश भरपूर आणि तणाचं बी अजिबात नाही. बटाट्याला याहून सोयीचं फुकटचं खत शोधून सापडणार नाही. फुकट म्हणजे पैशाने फुकट. हिवाळी वादळानंतर गार पाण्यात उतरून ते गोळा करायचं, गाढवाच्या पाठीवरल्या टोपल्यांतून डोंगरावर न्यायचं. किनाऱ्याच्या कुठल्या तुकड्यावरचं शेवाळ कुणाचं, याचे हक्क ठरलेले असत आणि त्यावरून भांडणंही होत. अ‍ॅरन बेटांवर तर नुसता चुनखडीचा उघडा कातळ. तिथल्या लोकांनी खडकातल्या भेगा बुजवून, वाळू आणि शेवाळाचे थर रचून आधी माती तयार केली आणि मग तिच्यात बटाटा लावला.

ही कला बटाट्यापेक्षा जुनी आहे. मेयोच्या उत्तर किनाऱ्यावर बेल्डेरिगला दलदलीच्या काळ्या थराखाली कांस्ययुगातल्या शेताचे वरंबे सापडले आहेत. म्हणजे दक्षिण अमेरिकेतून बटाटा येण्याच्या कितीतरी आधी तिथला माणूस उंच वरंब्यावर धान्य पिकवत होता. कंद नवा आला, पण त्याला ठेवायची जागा आधीच तयार होती. (नावही त्याने बरोबरच आणलं. आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला. आयरिश भाषेतला 'प्रॉता' त्याच कुळातला.)

लागवड साधारण सेंट पॅट्रिकच्या दिवसापासून, म्हणजे १७ मार्चपासून. वाफे घालायला शेजारी एकत्र येत. या एकत्र कामाला आयरिशमध्ये 'मेहल' म्हणतात. आपल्या इर्जिकेसारखंच. मजुरी नाही; आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. नवा बटाटा जुलैच्या शेवटच्या रविवारी काढायचा. त्याआधी जुना साठा संपलेला असे, म्हणून त्या महिन्याला नाव पडलं 'कोबीचा जुलै'. जे हाताला लागेल त्यावर दिवस काढायचे. दरवर्षी येणारी ही उपासमार १८४५ च्या महादुष्काळाच्या आधीपासून चालत आलेली होती, हे पुढच्या वादासाठी लक्षात ठेवायला हवं.

वाद असा आहे. आयर्लंडच्या महादुष्काळाची गोष्ट जगभर ज्या पद्धतीने सांगितली जाते, तिच्यात एक सोपं कारण दडलेलं असतं: मागास शेतकरी, मागास पद्धत, एकाच पिकावर भार, आणि मग रोग. यातला पहिला अर्धा भाग खोटा आहे आणि तो मुद्दाम रचला गेला, असं माझं म्हणणं आहे. सर चार्ल्स ट्रेव्हेलियन हे दुष्काळाच्या काळात लंडनच्या कोषागारात बसून मदतीची सूत्रं हलवणारे अधिकारी. त्यांनी १८४८ साली लिहून ठेवलं की आयरिश कुळाला पंधरवडाभर लागवड, आठ-दहा दिवस काढणी आणि पंधरवडाभर जळणासाठी पीट कापणं एवढं पुरतं; उरलेलं वर्ष तो मोकळा. दर दिवशी माणसं मरत असताना हिशेब मांडायचा, तोही कामाच्या दिवसांचा.

या हिशेबात काय धरलेलं नाही ते बघू. जमीनदाराला खंडाच्या बदली द्यायचे मजुरीचे दिवस नाहीत. शेवाळ ओढायचे दिवस नाहीत. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सुगीला पायी जाऊन मजुरी करून खंडाचे पैसे आणणारी माणसं नाहीत. डुक्कर आणि ओट विकून खंड भागवायचा आणि स्वतः बटाटा खायचा, ही घरटी व्यवस्था नाही. काम कमी होतं, हे खरं. पण ते त्या भागात नव्हतंच, आणि जे होतं ते केल्याची शिक्षा होत असे. डोंगरउतारावरची पडीक जमीन वाफे घालून, शेवाळ वाहून कुळाने लागवडीखाली आणली की खंड वाढे. कुळाला काढून टाकलं तर त्याने केलेल्या सुधारणेचा मोबदला मिळत नसे. अल्स्टर प्रांतात तसा रिवाज होता, बाकी ठिकाणी नाही. ज्याला कूळकायदा येण्याआधीचे दिवस घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून माहीत आहेत, त्याला हे वेगळं समजवायला नको.

कुळाच्याही खाली एक थर होता. 'कॉनेकर' म्हणजे एका हंगामापुरती भाड्याने घेतलेली जमीन. पट्टा नाही, हक्क नाही, बटाटा निघाला की जमीन परत. एवढासा तुकडा. आणि यावर अख्खं कुटुंब जगत होतं, कारण पद्धत चांगली होती. दुष्काळाआधी एकरी सुमारे सहा टन बटाटा निघत असे. मोठा माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटा आणि ताक यांवर राही आणि हा आहार इतका पुरा होता की ब्रिटिश सैन्यात भरती होणारे आयरिश तरुण इंग्रज तरुणांपेक्षा उंच भरत. अ‍ॅडम स्मिथनेही १७७६ साली लंडनमधल्या आयरिश हमालांची ताकद पाहून बटाट्याची तारीफ केली होती.

मला इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण पारंपरिक शेतीचे गोडवे गाणारे इथूनच पळ काढतात. ज्या पद्धतीने लहानशा तुकड्यात अख्खं कुटुंब जगतं, ती पद्धत जमीनदाराला सांगते की यांना तुकडाच पुरतो. उरलेल्या चांगल्या जमिनीवर गुरं चारा, गहू-ओट पिकवा, इंग्लंडला पाठवा. वाफा जितका वर डोंगरात चढवता आला, तितका माणूसही वर ढकलता आला. आज मेयोच्या डोंगरांवर मावळतीच्या उन्हात जे जुने वरंबे उठून दिसतात आणि ज्यांचे फोटो काढायला पर्यटक येतात, ते तितक्या उंचीवर गेले याचं कारण खालची माती दुसऱ्याची होती. शेतकऱ्याची हुशारी त्याच्याच विरुद्ध वापरता येते. हे मान्य केल्याशिवाय वाफ्याची बाजू मांडणं मला अप्रामाणिक वाटतं.

जमिनीच्या तुकड्याने वाणही ठरवला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडकडून 'लंपर' नावाचा बटाटा आला. पाणचट, चवीला यथातथा, पण निकस जमिनीत, थोड्या खतावर भरघोस येणारा. 'कप', 'अ‍ॅपल' असे चवदार वाण होते. पण तुकडा लहान आणि तोंडं वाढलेली असताना चव कोण बघतो? १८४० पर्यंत दक्षिणेत आणि पश्चिमेत गरिबांचा बटाटा म्हणजे लंपर असं झालं होतं. बटाटा बेण्यापासून लावतात, आपण ऊस लावतो तसा. प्रत्येक रोप आधीच्या कंदाची हुबेहूब नक्कल. एका रोपाला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारतो. बटाट्याच्या मूळ घरी, अँडीजच्या उतारांवर, शेतकरी एकाच शेतात किती तरी वाण मिसळून लावत आला आहे आणि तिथेही उंच वाफे आणि पायाने दाबायचं अवजार आहे. युरोपने तिथून मोजके कंद आणले, मिसळून लावायची सवय तिथेच राहिली.

मग १८४५ च्या सप्टेंबरात करपा आला. आज त्याचं शास्त्रीय नाव 'फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स'. आपल्या सातगाव पठारावरच्या शेतकऱ्याला ढगाळ हवेत ज्याची धास्ती असते, तोच हा उशिराचा करपा. पहिल्या वर्षी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं पीक गेलं, १८४६ मध्ये तीन चतुर्थांशाहून अधिक. १८४७ मध्ये त्याच वाफ्यांवर पीक निरोगी आलं. पण बेणं आधीच खाऊन संपलेलं, त्यामुळे लागवडच थोडी झाली होती. १८४८ मध्ये पुन्हा करपा. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास मेले, त्याहून जास्त देश सोडून गेले.

दोष वाफ्याचा असता तर नांगरलेल्या शेतांना करपा लागला नसता. तो बेल्जियममध्ये आधी दिसला, १८४५ च्या जूनमध्ये. मग हॉलंड, फ्रान्स, प्रशिया. तिथेही बटाटा सडला आणि तिथेही माणसं मेली, पण हजारांत. आयर्लंडमध्ये तीसेक लाख लोकांच्या ताटात बटाट्याखेरीज काही नव्हतं, हा फरक. तो फरक शेतीच्या पद्धतीने पाडला नव्हता, खंडाने आणि कायद्याने पाडला होता.

मदत शक्यच नव्हती, असंही नाही. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपकेंद्रांतून दिवसाला तीस लाख लोकांना अन्न मिळालं. यंत्रणा उभी राहिली, चालली, आणि काही महिन्यांत ती बंद करण्यात आली. त्याच वर्षी पार्लमेंटने एक कलम घातलं: ज्याच्याकडे चतुर्थांश एकराहून अधिक जमीन आहे त्याला मदत नाही. म्हणजे पोटाला हवं असेल तर वाफा सोड. हजारो कुळांनी वाफे सोडले आणि त्यांच्यामागे झोपड्यांची छपरं उतरवली गेली. या सगळ्याला 'आळशी लोकांना शिस्त' असा मुलामा होता, आणि तो मुलामा द्यायला 'लेझी' हा शब्द फार सोयीचा पडला.

हे आपल्याला परकं वाटू नये. ट्रेव्हेलियन आयर्लंडच्या आधी हिंदुस्थानात नोकरी करून गेले होते आणि नंतर मद्रासचे गव्हर्नर, मग व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसदस्य म्हणून परत आले. १८७६ ते ७८ च्या दख्खनच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली ती याच विचारातून: जास्त दिलं तर लोक आळशी होतील. मजुरांनी काम सोडून निषेध केला, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला पत्रांवर पत्रं धाडली. कोकणातल्या राबावरही, म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळून जमीन भाजायच्या पद्धतीवरही, जंगलखात्याचा असाच राग होता, शेतकरी उगाच फांद्या तोडून जाळतो म्हणून. जो काम करतो त्याला कामाचं कळत नाही, हे गृहीत धरल्यावर पुढचं सगळं सोपं जातं.

आयर्लंडमध्ये पुढे काय झालं हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा पुरावा. १८७९ मध्ये मेयोतच लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षी जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन बॉयकॉटच्या शेतात काढणीला एकही माणूस गेला नाही, आणि बटाटे-सलगम काढायला अल्स्टरहून मजूर आणि त्यांच्या रक्षणाला फौज आणावी लागली. बहिष्काराला जगाने जो शब्द वापरला तो या शेतातून आला. १९०३ च्या कायद्याने कुळांना मोठ्या प्रमाणावर जमीन विकत घेता येऊ लागली. १८८५ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोत द्राक्षांवरच्या रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण निघालं होतं. १८९० नंतर ते पश्चिम आयर्लंडमध्ये पोचलं आणि १८९१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मंडळाने फवारणीचे पंप पुरवले. नाशिकचा द्राक्षवाला आज डाऊनी या रोगावर जे मारतो तेच. आयरिश शेतकरी मोरचुदात बहुधा चुन्याऐवजी धुण्याचा सोडा घालत.

आणि वाफे? ते तसेच राहिले. तेच लॉय, तेच शेवाळ, तोच पालथा घातलेला गवताचा थर, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. वाण बदलले, जमीन स्वतःची झाली, पिंपात मोरचूद कालवलं गेलं, आणि त्याच आळशी वाफ्यांवर पुन्हा तसा दुष्काळ पडला नाही. एका प्रयोगात एवढं स्पष्ट उत्तर इतिहास फार वेळा देत नाही.

म्हणून आजच्या आयर्लंडमध्ये या वारशाचं जे चाललं आहे ते बघून मला थोडं हसू येतं, थोडा रागही येतो. राष्ट्रीय नांगरणी स्पर्धांत लॉयने खणायची स्पर्धा असते. वारसाकेंद्रांत वाफा घालून दाखवतात. त्याला माझी हरकत नाही, ते जरूर करावं. पण हाताने खणणं हा वारशाचा सर्वांत कमी उपयोगी भाग आहे. पाठ मोडणारं काम परत आणा असं म्हणणारा बहुधा स्वतः खणत नसतो. उचलायचं ते निराळंच होतं. माती आणि पाऊस बघून वाफा, खत, अवजार ठरवणं. बेणं जवळ ठेवणं. आणि एकाच वाणावर सगळं न लावणं, जे परंपरेला गरिबीने विसरायला लावलं होतं.

तिथे काय दिसतं? आज आयर्लंडच्या बटाट्याच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर 'रूस्टर' हा एकच वाण आहे. चांगला वाण, कार्लोच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झालेला, लाल सालीचा, लोकांना आवडणारा. लंपरही लोकांना उपयोगाचाच होता. फरक एवढाच की आता बुरशीनाशकं आहेत, आणि करपा त्यांतल्या काहींना जुमानेनासा झाल्याचे प्रकार युरोपभर दिसत आहेत. बेण्यासाठी हा देश वर्षानुवर्षं स्कॉटलंडवर विसंबला. ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून ते बेणं युरोपीय संघाच्या नियमांमुळे बंद झालं आणि मग धावपळ झाली. आंबेगाव-खेडच्या शेतकऱ्याने पंजाबहून येणाऱ्या बेण्याच्या ट्रककडे डोळे लावून बसावं, त्यातलाच प्रकार.

यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये कार्लोतच जंगली बटाट्यातला करपारोधक जनुक घातलेल्या वाणाची चाचणी झाली आणि त्यावर मोठं रणकंदन माजलं. विरोधकांचं म्हणणं, परंपरा सोडू नका. मला हा विरोध समजतो, पटत नाही. जनुक कुठून आला यापेक्षा तो एकाच वाणात घालून सगळीकडे तोच लावणार की दहा वाणांत, आणि बेणं कुणाच्या हातात राहणार, हे प्रश्न आयर्लंडच्या इतिहासाला जास्त धरून आहेत. ते त्या वादात कोपऱ्यात पडले. युरोपीय अनुदान मुख्यतः हेक्टरवर मोजलं जातं. पाच वाण राखणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला त्यात भाव नाही. स्पर्धेच्या मांडवावर होणाऱ्या खर्चातला थोडा हिस्सा अशा शेतकऱ्याकडे वळवला, तर मेयोच्या किनाऱ्याजवळच्या अ‍ॅकिल बेटावरच्या जुन्या वरंब्यांचा जास्त मान राखला जाईल.

त्या बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ऐंशी-शंभर दगडी घरांचं एक ओसाड गाव आहे. छपरं नाहीत. भोवती सगळीकडे वरंबे आणि सऱ्या, आता गवताखाली, त्यांवर मेंढ्या. सऱ्या अजून बुजलेल्या नाहीत. पाऊस पडला की पाणी अजून त्यांतूनच खाली उतरतं.